एक पॉइंट चारचा माज

संपादकांचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओची काच पुसत होतो. "तुमचे स्वतःचे दहा सर्वोत्तम फोटो निवडा आणि प्रत्येकाविषयी थोडे लिहा," ते म्हणाले. "यंदा दिवाळी अंकात रंगीत पाने वाढवली आहेत." मी हो म्हटले. मग आठ दिवस बसून तीस वर्षांचे काम चाळले आणि त्यांना उलटा फोन केला. म्हटले, "दहा जमणार नाहीत. एकाच लग्नातल्या दोन फोटोंविषयी लिहितो. एकाला बक्षीस मिळाले होते, दुसरा मी रद्द केला होता." ते म्हणाले, "तुमचा आवाज का चढलाय?" चढलाय खरा. ज्यांना फोटोग्राफरच्या गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पुढच्या लेखाकडे वळावे. मला राग आलेला आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त माझ्यावरच आहे.

मी डिचोली बाजारातला फोटोग्राफर. वडील खाणीवर टिपर ट्रकचे क्लीनर होते, आई दुसऱ्यांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सुपारी सोलायची. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. बी.कॉम., दुसरा वर्ग, एकाही विषयात न अडकता. खाणीच्या ऑफिसात चिकटायची संधी होती, पण मला कॅमेऱ्याचा नाद. म्हणून रोहिदासकाकांच्या स्टुडिओत हाताखाली गेलो. काका चौथी शिकलेले. त्यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरची एक कडी आठ ह्या आकड्यावर ठेवून वरून जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळून टाकली होती. ती कडी कुणी हलवू नये म्हणून. मला हसू यायचे. मी इंग्रजी पुस्तके वाचून गेलेला माणूस. मला त्या कडीचे सगळे आकडे पाठ होते.

ती कडी काय करते ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचे समजणार नाही. लेन्सच्या पोटात पातळ पाकळ्यांचे एक भोक असते. ते लहानमोठे करता येते. भोक मोठे केले की ज्याच्यावर नेम धरला तेवढेच स्पष्ट येते, त्याच्या पुढचे आणि मागचे सगळे विरघळते. भोक बारीक केले की पुढचे, मधले, मागचे सगळे बरेचसे स्पष्ट येते. चष्मा विसरलेला माणूस बसची पाटी वाचायला डोळे बारीक करतो ना, तसेच. आकडे मात्र उलटे. एक पॉइंट चार म्हणजे भोक सताड उघडे. सोळा म्हणजे सुईच्या नेढ्याएवढे. किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते, त्या पट्ट्याला आमच्या धंद्यात डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. तो पट्टा कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा हे फोटोग्राफर ठरवतो. म्हणजे कोण दिसणार आणि कोण दिसणार नाही हे तोच ठरवतो. तीस वर्षे मी हे ठरवत आलो आणि ते ठरवणे आहे हेच मला कळले नव्हते.

काकांची पट्टी मी पहिली संधी मिळताच सोडली. एका माणसाने नवा टिपर घेतला होता. पूजेचा फोटो काढायला काकांनी मला एकट्याला पाठवले. टिपरपुढे त्याची बायको आरतीचे ताट घेऊन उभी. मी पुस्तकातले ज्ञान वापरले, भोक मोठे केले. बायकोचा चेहरा असा आला की नथीतले मोती मोजून घ्यावेत. मागचा टिपर म्हणजे नुसता नारिंगी धूर. फोटो बघून तो माणूस दुकानात उभ्या उभ्या ओरडला, "बायलेक हांव घरांत रोज पळयतां रे! नंबर खंय आसा? देवाचें नांव खंय आसा? हो टिपर म्हजो काय शेजाऱ्याचो, कसो कळटलो?" बायको त्याला घरात रोज दिसतच होती, टिपर आपला आहे हे दिसायला हवे होते. काकांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला, पट्टी परत गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन फोटो काढून आले.

मी मनात म्हटले, अडाणी गिऱ्हाईक.

दुसरे एक देवस्थान समितीचे प्रकरण. बावीस सभासद, तीन रांगा. तोवर काका थकले होते, स्टुडिओ माझ्या हाती आला होता. मी पुढच्या रांगेवर नेम धरला, मागची रांग जराशी मऊ आली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ फोटो घेऊन आले आणि म्हणाले, "हें मुद्दाम केलां. अध्यक्षान सांगलां तुका." मी त्यांना डेप्थ ऑफ फील्ड समजावून सांगितले, अर्धा तास. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तें सगळें खरें. पण धूसर हांव कित्याक? अध्यक्ष कित्याक न्हय?" चारचौघांत मी हा किस्सा विनोद म्हणून सांगायचो. लोक हसायचे. आता सांगत नाही.

पुढे डिजिटल आले आणि मी पोटाला चिमटा घेऊन एक लेन्स घेतली. पंच्याऐंशी मिलीमीटर, एक पॉइंट चार. ज्यांना कळते त्यांना कळेल. सबंध डिचोली तालुक्यात तशी दुसरी नव्हती. तिच्यातून मागचे सगळे लोण्यासारखे व्हायचे. लग्नाच्या मंडपामागची ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, गॅसचे सिलिंडर, उष्ट्या पत्रावळी, सगळे एका मऊ रंगात गडप. लोक वेडे झाले. मीही झालो. पेडण्यापासून लोक बोलवायला येऊ लागले. मये तळ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची, म्हणायची, "काका, बॅकग्राउंड उडवा." मी उडवायचो. तळ्याकाठी एक म्हातारा चणे विकायला बसायचा. कित्येक वर्षे मी त्याच्यापासून चार हातांवर तिपाई लावली, त्याच्याकडून चणे घेऊन खाल्ले. परवा आठ दिवस सगळे चाळले तेव्हा त्या म्हाताऱ्याचा एकही फोटो माझ्याकडे निघाला नाही. तपकिरी डाग मात्र पुष्कळ निघाले, त्यातला एखादा तो असेल.

लेन्स घेतल्यानंतरचे पहिले मोठे काम सुगंधाचे लग्न. मयेच्या पुढे एक लहान वाडा आहे, पाचसात घरांचा. तिथे सत्यवतीबाय म्हणून एक बाई राहतात, त्यांची ही एकुलती मुलगी. नवरा सुगंधा लहान असतानाच गेला. लग्न घरच्याच अंगणात. तिथे मी नवरीचा एक फोटो काढला. बाजूने घेतलेला चेहरा, मुंडावळीची सर कानापाशी किंचित हललेली, पापण्या खाली, आणि मागे नुसता हिरवा. जणू हिरव्या दुधात बुडवून काढली आहे. त्या फोटोला पणजीच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाले. मोठा करून मी तो स्टुडिओच्या काचेत लावला. काही वर्षांनी एका बाहेरच्या कंपनीच्या माणसाने तो विकत मागितला. मी दिला. सुगंधाला विचारायला पाहिजे हे डोक्यातही आले नाही. फोटो माझा, लेन्स माझी, बक्षीस माझे.

ह्याच्यापुढे मजा संपते.

मागच्या वर्षी एक दिवस दुपारी सत्यवतीबाय आणि सुगंधा स्टुडिओत आल्या. सुगंधा आता तुयेच्या फॅक्टरीत कामाला आहे, पेडण्यात दिलेली. आईला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली होती. सत्यवतीबाय खुर्चीवर बसल्या नाहीत. सुगंधाने पिशवीतून एक चकचकीत पुस्तिका काढून काउंटरवर ठेवली. त्या कंपनीची जाहिरात होती. वाड्याला लागून जमीन घेऊन ते तिथे बंगले बांधणार होते. पहिल्याच पानावर माझा फोटो. खाली इंग्रजीत लिहिले होते की इथे तुमचा शेजारी फक्त निसर्ग.

"हें तुजें काम?" सत्यवतीबायनी विचारले.

"फोटो माझा," मी म्हटले. "पण जाहिरातीत..."

"उल्हासकाका, माझं लग्न तुम्ही विकलंत," सुगंधा म्हणाली. "ते आपण नंतर बोलू. आधी आईचं ऐका."

झाले होते असे. सत्यवतीबायच्या घरातून रस्त्यावर यायची एकच वाट. अंगणाच्या मागून निघते, जुन्या विहिरीला वळसा घालते आणि खाली रस्त्याला लागते. पिढ्यान्पिढ्यांची. कंपनीने जमीन घेतल्यावर जेसीबी फिरवून ती सपाट केली, वर चिऱ्यांची माती टाकली आणि तारेचे कुंपण घातले. विहीरही कुंपणात गेली. आता घरातून बाहेर पडायचे तर शेताच्या बांधावरून, आणि पावसात तो बांध पाण्याखाली. सत्यवतीबायची कंबर धरलेली. पावसात त्या आजारी पडल्या तर उचलून न्यायलाही वाट नाही. त्यांनी मामलेदाराकडे अर्ज केला. सर्व्हेच्या नकाशात वाट दाखवलेली नव्हती. आणि कंपनीच्या वकिलाने उत्तरादाखल काय जोडले? माझा फोटो. म्हणे, गावच्याच नामांकित छायाचित्रकाराने त्याच जागी काढलेले हे छायाचित्र पाहावे. मागे वाट नाही, विहीर नाही, वहिवाटीची कसलीच खूण नाही. नुसती झाडी.

"थंय झाडी खंय आसा रे?" सत्यवतीबाय म्हणाल्या. "थंय बांय आसा, विहीर आसा. वाट आसा. तुका दिसलीच ना? तूं त्याच वाटेन येवन जेवन गेल्लो."

मी फोटोकडे बघितले. रोज काचेत बघितलेला, हजार लोकांना दाखवलेला फोटो. त्या हिरव्या दुधात त्या बाईची वाट मी विरघळवली होती आणि वर बक्षीस घेतले होते.

"दुसरो फोटो आसा?" त्यांनी विचारले. "वाट दिसता असो?"

"अल्बममध्ये बघितलं?" मी म्हटले.

"दोनशे चाळीस फोटो," सुगंधा म्हणाली. "सगळ्यांच्या मागे लोणी."

मी त्यांना सांगितले की शोधतो. त्या गेल्यावर आधी काचेतला फोटो उतरवला. तो उलटा करून भिंतीला टेकवला आणि मग मला राग यायला लागला. त्या वकिलाचा, कंपनीचा, जेसीबीवाल्याचा. मग त्या सगळ्या जोडप्यांचा, ज्यांना आपण कुठे उभे आहोत हेच फोटोत नको असते. आता तर फोनसुद्धा आपल्या मनाने मागचे पुसून टाकतो, आजीचा अर्धा कानही त्याच्याबरोबर पुसतो, आणि लोक म्हणतात काय सुंदर आला. पण राग फिरून फिरून माझ्याकडेच येत होता. काकांच्या कॅमेऱ्याने तो फोटो काढला असता तर वाट आली असती. विहिरीचे तोंड आले असते. कावळा बसला असता तर तोही आला असता. चौथी शिकलेल्या माणसाने ते न कळता केले असते, आणि बी.कॉम. झालेल्याने कळून सवरून पुसले.

शोधायला मला तीन दिवस लागले. वाणिज्य शाखेने मला एक सवय लावली होती, नोंदी ठेवायची. फोटो काढले की संध्याकाळी वहीत प्रत्येक महत्त्वाच्या फोटोचे मूल्यमापन लिहायचे. कडीचा आकडा, काय साधले, काय बिघडले. आपले काम आपणच तपासायचे, ह्याचा मला फार अभिमान. त्या लग्नाचे पान काढले आणि तिथे दिसले की नवरीचा तो फोटो एकटा नव्हता. लेन्स नवी होती म्हणून मी तिची परीक्षा घेतली होती. तिपाई लावून, सुगंधाला न हलता उभी करून, तोच फोटो पाच आकड्यांवर काढला होता. पाचही फाइली जुन्या डिस्कवर शाबूत होत्या. वहीत माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, असे लिहिले होते:

"१.४ – अप्रतिम. २.८ – बरा. ५.६ – मागे गडबड सुरू. ११ – विहीर डोळ्यांत खुपते. १६ – वाट, विहीर, कळशी घेतलेली बाई. सगळा कचरा. रद्द."

सोळाचा फोटो मी पडद्यावर उघडला. पुढे सुगंधा, तशीच. आणि मागे सगळे होते. लोणी नव्हते, वस्तू होत्या. विहिरीचा कठडा, त्याचा एक कोपरा फुटलेला. कठड्यापासून अंगणाकडे येणारी वाट, पायांनी घासून लाल चकचकीत झालेली, दोन्ही बाजूंना गवत. सुरीच्या धारेसारखे स्पष्ट नव्हते, पण कुणालाही ओळखता येईल इतके होते. आणि त्या वाटेवरून कमरेवर कळशी घेऊन एक बाई येत होती. मी चित्र मोठे केले. फिकट लुगडे, कपाळ मोकळे. सत्यवतीबाय.

तेव्हा मला तो सगळा दिवस आठवला. लग्नाच्या दिवशी सकाळीच सुगंधाचे काका मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "वयनीक फ्रेमींत घेवं नाका हां. बरें दिसना." विधवा आई. कन्यादान काका-काकूंनी केले. सत्यवतीबाय दिवसभर मागच्या बाजूला होत्या, आचाऱ्यांना पाणी पुरवत. मुलीच्या लग्नात आई पाणी ओढत होती आणि मी, पदवीधर, पुस्तके वाचलेला, "बरें" म्हणून तिपाई दोन पावले सरकवली होती. एवढे करूनही त्या सोळाच्या फोटोत शिरल्या, म्हणून मी फोटोच रद्द केला. सुगंधाच्या काकांनी त्यांना फ्रेमबाहेर काढले. उरलेले काम माझ्या लेन्सने केले. अल्बम पुन्हा पहिल्यापासून बघितला. दोनशे चाळीस फोटोंत मुलीची आई कुठेही नाही.

सुनावणीला मामलेदार म्हणून एक तरुण बाई होत्या. मी साक्षीदार. कंपनीच्या वकिलांनी माझा बक्षीसवाला फोटो माझ्यापुढे धरला. गोड बोलणारा माणूस.

"हे छायाचित्र तुमचं?"

"माझं."

"ह्याला पुरस्कार मिळाला?"

"मिळाला."

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या उत्तम छायाचित्र?"

"तसं परीक्षकांना वाटलं."

"तुम्हाला?"

"तेव्हा मलाही वाटलं."

"मग ह्या उत्तम छायाचित्रात वाट कुठे आहे ती बोटाने दाखवा."

मी म्हटले, "दाखवता येणार नाही. ती मी घालवली." आणि मग त्या खोलीत उभा राहून मी मामलेदारांना लेन्सच्या भोकाची गोष्ट सांगितली. चष्मा विसरलेल्या माणसाची, बसच्या पाटीची. सांगताना माझे कान तापत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या चांगल्या फोटोची निंदा करत होतो, तीही लेखी नोंद होईल अशी. मग सोळाचा फोटो पुढे ठेवला, मोठा करून छापलेला.

वकिलांनी तो हातात घेऊन हसून म्हटले, "मॅडम, आजकाल कॉम्प्युटरवर काहीही चिकटवता येतं. हा फोटो इतकी वर्षं कुठे होता? अल्बममध्ये नाही, प्रदर्शनात नाही. आज अचानक उगवला."

मी मूळ फाइल दिली. तिच्या पोटात तारीख, वेळ, कडीचा आकडा सगळे आपोआप लिहिलेले असते. आणि वही दिली. मामलेदारांनी पान बघितले, माझ्याकडे बघितले.

"ही शेवटची ओळ वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."

मला तेवढे एक टाळायचे होते. मागच्या बाकावर सत्यवतीबाय बसल्या होत्या. मी वाचले. "सोळा. वाट, विहीर, कळशी घेतलेली बाई. सगळा कचरा. रद्द."

मागे कुणीतरी फिसकन हसले. मी मान वर केली नाही.

मामलेदार वकिलांना म्हणाल्या, "ज्याला हे सगळं कचरा वाटलं तो ते मुद्दाम कशाला चिकटवील?" त्यांनी तलाठ्याला विहिरीचा कठडा बघून यायला सांगितले. फुटलेला कोपरा अजून तसाच होता, कुंपणाच्या आत. काही आठवड्यांनी हुकूम झाला. कुंपण काढायचे, वाट होती तशी करून द्यायची. कंपनीने ती केलीही, थोडी कुरकुर करून.

सुनावणी संपली त्या दिवशी बाहेरच्या पायऱ्यांवर मी सत्यवतीबायना गाठले. म्हटले, "बाय, मी जे लिहिलं होतं..."

"त्या कचऱ्यांत हांव आसां, न्हय?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "तूं एकलोच न्हय. लग्नांत सगळ्यांनी म्हाका तेंच म्हणलां. तुवें वहींत बरयलें, इतलेंच." आणि सुगंधाच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या.

हे शब्द घेऊन मी बरेच दिवस फिरलो. मग ठरवले की काहीतरी केले पाहिजे. तो सोळाचा फोटो पुन्हा उघडला आणि त्याच्यावर मन लावून काम केले. सुगंधाला बाजूला कापून टाकले, कारण ती तर दोनशे चाळीस फोटोंत आहे. नुसत्या सत्यवतीबाय ठेवल्या, मोठ्या केल्या, चित्राचा दाणा फुटत होता तो हाताने सारखा केला, चेहरा जमेल तितका उजळला. चांगल्या कागदावर छापून सागवानी चौकटीत घातला. मला तो फोटो फार आवडला. एकट्या बाईचा, कमरेवर कळशी, मान जराशी वळलेली. मी स्वतःवर खूश होतो हे कबूल करतो.

वाट मोकळी झाल्यावर एका रविवारी सकाळी मी तो घेऊन गेलो. विहिरीला वळसा घालून, नव्या मातीवरून. सत्यवतीबाय अंगणात कोकमे वाळत घालत होत्या. सुगंधा आलेली होती, आत चहा करत होती. मी चौकट पुढे केली. त्यांनी हात पदराला पुसले, चौकट घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितले.

"हें हांव," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच, बाय."

"बरें केलां. तोंड गोरें केलां म्हजें." मग चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत विचारले, "म्हजी चली खंय आसा?"

"सुगंधाला कापली. फोटो तुमचा व्हावा म्हणून. नुसता तुमचा."

त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मला वहीतली ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचायला लावली असती तर बरे वाटले असते.

"उल्हास," त्या म्हणाल्या, "त्या दिसा म्हाका तिच्या लागीं उबी रावंक कोणें दिलें ना. ह्या एकाच फोटोंत हांव आनी ती आसात. ती फुडें, हांव फाटीं, मदीं वाट. आनी तूं परत कापून हाडटा?"

आतून सुगंधा चहा घेऊन आली. आईच्या हातातली चौकट तिने बघितली आणि कप ओसरीच्या कठड्यावर ठेवले.

"घे हें," सत्यवतीबायनी चौकट माझ्या हातात परत दिली. "पुराय हाड, सगळो फोटो. कांयच काडूं नाका. तोंड काळें आसल्यार काळेंच आसूं दी."

मी चहाला हात लावला नाही. चौकट काखेत मारली आणि आलो त्या वाटेने परत स्टुडिओत गेलो. रविवार होता, बाजारात दुकाने बंद होती. छपाईचे मशीन गरम व्हायला वेळ लागला. सोळाचा फोटो होता तसा, एकही कड न कापता छापला आणि शाई वाळेपर्यंत उभाच राहिलो.